गॅमा किरणांनी समस्थानिक बनवणं : अणुकेंद्र ऐकतं, रसायन अडून बसतं

एमएस्सीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. थोडक्यात असा : मॉलिब्डेनम-१०० वर मोठ्या ऊर्जेचे गॅमा टाकले की एक न्यूट्रॉन उडतो आणि न्यूक्लियर मेडिसिनला लागणारा मॉलिब्डेनम-९९ तयार होतो, असं वाचलं. मग त्यासाठी अणुभट्टी कशाला हवी? लासलगावला कांद्यासाठी कोबाल्टचे गॅमा आहेत, मोठ्या हॉस्पिटलांत लिनॅक (इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग देणारी यंत्रं) आहेत, खारघरला इलेक्ट्रॉन बीम आहे. तिथे हे का करत नाहीत? आणि या विषयात शिरायचं तर कुठल्या धातूपासून सुरुवात करावी?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्याच्याच भोवती फिरतं. धातू निवडताना बहुतेक भौतिकशास्त्रवाले क्रॉस-सेक्शनचा, म्हणजे अभिक्रिया घडण्याच्या शक्यतेचा, आलेख उघडतात. मी आधी आवर्तसारणी उघडतो. गॅमाने न्यूट्रॉन उडवला तर मूलद्रव्य तेच राहतं. प्रोटॉन उडवला तर ते डावीकडच्या घरात सरकतं. पहिल्या प्रकारात माल भरपूर निघतो, पण तो मूळ धातूत असा मिसळलेला असतो की कुठलंही रसायन त्याला वेगळा काढू शकत नाही. दुसऱ्या प्रकारात माल साधारण दहा पटीने कमी, पण वेगळा काढता येतो. अभिक्रिया घडवणं हा या धंद्यातला सोपा भाग आहे. नंतर त्या धातूचं काय करायचं, तिथे योजना अडकतात.

आता कोबाल्टचं. न्यूट्रॉन बाहेर काढायचा तर त्याची बंधनऊर्जा तरी गॅमाने भरली पाहिजे. हा उंबरठा. चॅडविक आणि गोल्डहाबर यांनी १९३४ मध्ये ड्युटेरियमचं केंद्र गॅमाने फोडलं, तेव्हा त्यांच्याकडे थोरियम मालिकेतल्या एका स्रोताचा २.६२ एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं माप) गॅमा होता आणि ड्युटेरियमचा उंबरठा २.२ एमईव्ही. नैसर्गिक स्रोताने जमण्यासारखी उदाहरणं जवळपास तिथेच संपतात. ड्युटेरियम आणि १.६७ एमईव्हीचं बेरिलियम, एवढीच. कामाच्या धातूंचे उंबरठे फार वर आहेत : सोन्याचा ८.१, मॉलिब्डेनम-१०० चा ८.३, कॉपर-६३ चा १०.९ एमईव्ही. कोबाल्ट-६० चे गॅमा १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कितीही लाख क्युरी (किरणोत्साराचं माप) ठेवले तरी एकेक गॅमा आपापल्या ऊर्जेनेच येतो. दहा गॅमा मिळून एक न्यूट्रॉन काढत नाहीत. कांदे निर्धोकपणे खाता येतात तेही याच कारणाने.

उंबरठा ओलांडला की काम झालं, असंही नाही. हायडलबर्गमध्ये वाल्टर बोटे आणि वोल्फगांग गेंटनर यांनी १९३७ मध्ये लिथियमवर प्रोटॉन मारून मिळवलेल्या १७ एमईव्हीच्या गॅमांनी तांब्यासारखे धातू किरणोत्सारी केले, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात केले. १९४७-४८ मध्ये बाल्डविन आणि क्लायबर यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या बीटाट्रॉन या इलेक्ट्रॉन त्वरकावर मोजमापं केली, तेव्हा कारण कळलं. गॅमाच्या विद्युतक्षेत्राने केंद्रातले सगळे प्रोटॉन एका बाजूला आणि सगळे न्यूट्रॉन दुसऱ्या बाजूला, असे एकत्र डोलायला लागतात. या डोलण्याची एक ठरावीक ऊर्जा असते. या डोलण्यालाच जायंट डायपोल रेझोनन्स म्हणतात. सोन्या-शिशासारख्या जड केंद्रांत त्याची ऊर्जा १३-१४ एमईव्हीला येते, मॉलिब्डेनममध्ये १४-१५ च्या आसपास, तांब्या-जस्तात १६ ते १९. शिखराची रुंदी चार ते आठ एमईव्ही. मॉलिब्डेनम-१०० चं शिखर साधारण १५० मिलिबार्न (बार्न हे क्रॉस-सेक्शनचं माप, मिलिबार्न त्याचा हजारावा भाग) उंचीचं आहे, सोन्याचं ५०० च्या वर.

हे आकडे अणुभट्टीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. युरेनियम-२३५ चं विखंडन मंद न्यूट्रॉनांनी होतं तेव्हा क्रॉस-सेक्शन ५८५ बार्न, आणि शंभर विखंडनांत सहा वेळा मॉलिब्डेनम-९९ मिळतो. म्हणजे त्या एका उत्पादनासाठी परिणामी ३५ बार्न. गॅमाचा मार्ग त्याच्या दोनशेव्या भागाहूनही कमी. ‘अणुभट्टी कशाला’ याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं गॅमा कुठून आणायचे यात आहे. १५ एमईव्हीचे गॅमा देणारा कुठलाही किरणोत्सारी स्रोत नाही. वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टन किंवा टँटलमच्या चकतीवर (तिला कन्व्हर्टर म्हणतात) आदळवायचे आणि ते थांबताना जे गॅमा फेकतात, ते वापरायचे. हेच ब्रेमस्ट्रालुंग. त्यात इलेक्ट्रॉनच्या पूर्ण ऊर्जेपर्यंतचे सगळे गॅमा असतात, पण कमी ऊर्जेचे फार आणि वरच्या ऊर्जेचे थोडे. ३५ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन टाकला तर गॅमांची मोठी गर्दी उंबरठ्याच्या खालीच असते. ती धातू तापवते, बाकी काही करत नाही. लेझरचा प्रकाश इलेक्ट्रॉनांवरून परतवून हव्या त्याच ऊर्जेचे गॅमा मिळवण्याचं तंत्र आहे, ड्यूक विद्यापीठात तशी सोय अनेक वर्षं चालू आहे, आणि दर थोड्या वर्षांनी कोणीतरी ते उत्पादनासाठी सुचवतो. मोजमापांसाठी ते अप्रतिम आहे. पण तिथे सेकंदाला मिळणारे गॅमा आणि दहा किलोवॅटच्या लिनॅकमधून मिळणारे उपयुक्त गॅमा यांत लाखाच्या घरातला फरक आहे. उत्पादनाच्या गप्पांत ते आणू नये.

हॉस्पिटलचा लिनॅक. आपल्याकडचे बरेचसे ६ एमव्हीवर (म्हणजे जास्तीत जास्त ६ एमईव्हीच्या गॅमांवर) चालतात, म्हणजे मॉलिब्डेनमच्या उंबरठ्याच्या खालीच. जे १५ किंवा १८ एमव्हीवर जातात, त्यांत फोटोन्यूट्रॉन (गॅमाने उडवलेले न्यूट्रॉन) तयार होतात खरे, पण ते मशीनच्या डोक्यातल्या टंगस्टन-शिशातून निघतात आणि त्यांच्यासाठी बंकरच्या दारात बोरॉनयुक्त पॉलिथिन घालावं लागतं. तिथे ती अभिक्रिया म्हणजे डोकेदुखी. शिवाय अशा मशीनच्या बीमची सरासरी शक्ती शेकडो वॅटमध्ये. पेशंट झोपवायच्या वेळात तिथे मॉलिब्डेनमचा तुकडा ठेवून मिळणारा माल डिटेक्टरला दिसेल, हॉस्पिटलच्या गॅमा कॅमेऱ्याला पुरणार नाही.

खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरची गोष्ट अधिक रंजक आहे. तिथला लिनॅक १० एमईव्हीचा. हा १० चा आकडा जगभर दिसतो आणि त्याला कारण आहे : अन्न विकिरणासाठी इलेक्ट्रॉनची मर्यादा १० एमईव्ही आणि एक्स-रेची बहुतेक ठिकाणी ५ एमईव्ही ठरलेली आहे, ती याच फोटोन्यूक्लियर (गॅमाने केंद्रात घडणाऱ्या) अभिक्रियांनी माल किरणोत्सारी होऊ नये म्हणून. तरीही मॉलिब्डेनम-१०० चा उंबरठा ८.३ असल्याने १० वर थोडी फट उरते. बीएआरसीच्या मंडळींनी त्याच लिनॅकवर मॉलिब्डेनम-१०० मधून, आणि युरेनियम-२३८ च्या गॅमा-विखंडनातूनही, मॉलिब्डेनम-९९ करून दाखवला आणि २०१३ मध्ये प्रसिद्धही केला. डिटेक्टरवर ७४० आणि १४० केईव्हीच्या रेषा दिसतात, मार्ग चालतो हे सिद्ध होतं. पण ८.३ ते १० हा आलेखाचा पायथा आहे. शिखर १४-१५ वर. उत्पादनासाठी ३० ते ४० एमईव्ही लागतात. त्याच्या वर गेलं तर किलोवॅटमागे फारसा फायदा वाढत नाही, नको ते समस्थानिक मात्र वाढतात. ‘समीर’ या मुंबईच्या संशोधन संस्थेने मॉलिब्डेनम-९९ डोळ्यासमोर ठेवून ३० एमईव्हीच्या लिनॅकचं काम हाती घेतलं, ते याच हिशोबाने.

आता कागदावर हिशोब करू. हा मी प्रत्येक नव्या माणसाकडून करून घेतो, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी.

३५ एमईव्हीचा, १० किलोवॅटचा बीम घ्या. प्रवाह ०.२९ मिलिअँपिअर, म्हणजे सेकंदाला अठराशे लाख कोटी इलेक्ट्रॉन. चांगल्या कन्व्हर्टरमधून १० ते २० एमईव्हीच्या पट्ट्यातला एक गॅमा ढोबळ मानाने तीन इलेक्ट्रॉनांमागे मिळतो असं धरा. सहाशे लाख कोटी गॅमा. पुढे एक सेंटिमीटर जाडीचं शुद्ध मॉलिब्डेनम-१०० ठेवलं, आणि पट्ट्यातलं सरासरी क्रॉस-सेक्शन १०० मिलिबार्न धरलं, तर हजार गॅमांतले सहा न्यूट्रॉन उडवतील. सेकंदाला साडेतीन लाख कोटी अणू. पण बीम पसरतो, काही गॅमा टार्गेटच्या बाजूने निसटतात, काही आतच शोषले जातात. निम्म्याहून जास्त वजा करा. उरले दीड लाख कोटी. अनंत काळ चालवलं तर ही झाली ४० क्युरी. अर्धायुष्य ६६ तास, म्हणून ६६ तास चालवल्यावर त्याच्या निम्मे, २० क्युरी. आणखी ६६ तासांनी फक्त दहा वाढतील. त्यामुळे दोन अर्धायुष्यांपलीकडे मशीन चालवणं म्हणजे वीजबिल भरणं.

२० क्युरी ऐकायला बरे वाटतात. पण या बाजारात क्युरी ‘सहा-दिवशी’ मोजतात : माल निघाल्यावर सहा दिवसांनी जे उरेल ते. तेवढ्यात २२ टक्के उरतात. म्हणजे आपले साडेचार. जगाची गरज आठवड्याला नऊ हजार सहा-दिवशी क्युरींच्या आसपास धरली जाते. हाडांच्या एका स्कॅनला मॉलिब्डेनम-९९ च्या ऱ्हासातून तयार होणारं टेक्नेशियम-९९एम सुमारे २० मिलिक्युरी लागतं, तेव्हा असं एक मशीन आसपासच्या शहरांतल्या हॉस्पिटलांचं काम आरामात भागवू शकेल. खंडाचं नाही. गॅमाच्या मार्गाची खरी जागा ही आहे : लहान, जवळचं, सांभाळायला सोपं केंद्र. युरेनियम नाही, विखंडनाचा कचरा नाही, शस्त्रदर्जाच्या इंधनाची भानगड नाही.

पण त्याच हिशोबात एक दुसरा आकडा दडलेला आहे आणि विद्यार्थी तो नेहमी विसरतात. एक सेंटिमीटर जाड, एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचा तुकडा म्हणजे दहा ग्रॅम धातू. २० क्युरी त्यात पसरलेले. ग्रॅममागे दोन क्युरी. निखळ मॉलिब्डेनम-९९ च्या एका ग्रॅममध्ये चार लाख ऐंशी हजार क्युरी असतात. विखंडनातून येणारा माल प्रत्यक्षात हजारो क्युरी प्रति ग्रॅम असतो, कारण तिथे मॉलिब्डेनम युरेनियममधून वेगळा काढलेला असतो. आपल्या तुकड्यात मात्र एकेका किरणोत्सारी अणूभोवती त्याचेच लाखो स्थिर भाऊबंद आहेत.

हॉस्पिटलात येणारा नेहमीचा जनरेटर म्हणजे अ‍ॅल्युमिनाचा छोटा स्तंभ. त्यावर मॉलिब्डेट चिकटून बसतं, सलाईन ओतलं की टेक्नेशियम खाली येतं. ग्रॅमभर अ‍ॅल्युमिना फार तर वीस मिलिग्रॅम मॉलिब्डेनम धरतं. दोन क्युरींसाठी एक ग्रॅम मॉलिब्डेनम बसवायचं तर पन्नास ग्रॅमचा स्तंभ लागेल, आणि टेक्नेशियम इतक्या सलाईनमध्ये येईल की इंजेक्शनला ते फार पातळ. म्हणून या मार्गाला जनरेटरच वेगळा लागतो. अमेरिकेतल्या नॉर्थस्टार कंपनीने ‘रेडिओजेनिक्स’मध्ये उलटी युक्ती केली : मॉलिब्डेनमचं द्रावण वाहू द्यायचं आणि टेक्नेशियमला रेझिनवर पकडायचं. त्याला २०१८ च्या फेब्रुवारीत एफडीएची, म्हणजे अमेरिकी औषध नियामकाची, मान्यता मिळाली. विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइटला त्यांनी बेल्जियमच्या आयबीए कंपनीचे ४० एमईव्हीचे ऱ्होडोट्रॉन (इलेक्ट्रॉन त्वरक) आणले, खास मॉलिब्डेनम-१०० साठी. आणि मग २०२३ मध्ये मॉलिब्डेनम-९९ चा धंदा आटोपता घेत असल्याचं जाहीर केलं. मशीन होतं, भौतिकशास्त्र पक्कं होतं, मान्यता होती. तरी विखंडनाच्या स्वस्त, सवयीच्या मालापुढे ते टिकलं नाही. कॅनडानेही सास्काटूनला ३५ एमईव्हीच्या लिनॅकवर हाच प्रयोग केला. त्यांना तर गरज होती. चॉक रिव्हरची एनआरयू अणुभट्टी २००९ मध्ये वर्षाहून जास्त बंद पडली तेव्हा जगभर स्कॅन रद्द झाले होते.

इथे आपल्यासाठी एक गोष्ट बोलून ठेवतो, कारण परदेशी लेखांत ती सापडणार नाही. भारतात टेक्नेशियमची परंपराच कमी सांद्रतेच्या मॉलिब्डेनमवर उभी राहिली. तुर्भ्याला (ट्रॉम्बे) बीएआरसीच्या अणुभट्टीत मॉलिब्डेनम-९८ ला न्यूट्रॉन खाऊ घालून जो मॉलिब्डेनम-९९ मिळतो, तोही मूळ धातूत मिसळलेलाच असतो, ग्रॅममागे क्युरीच्याही खाली. म्हणून आपल्याकडे मिथाइल इथाइल कीटोनने टेक्नेशियम ओढून घेण्याची पद्धत रुजली, आणि वाशीच्या ब्रिट या अणुऊर्जा खात्याच्या समस्थानिक पुरवणाऱ्या संस्थेने झिर्कोनियम मॉलिब्डेटचा जेल जनरेटर काढला. पाश्चात्त्य हॉस्पिटलांना हे जुनाट वाटेल. पण लिनॅकमधून निघणाऱ्या मालाला नेमकं हेच रसायन लागतं, आणि ते करणारे हात इथे तयार आहेत. मला विचाराल तर भारतात या मार्गाला असलेला सगळ्यात मोठा आधार हाच आहे. त्यावर चर्चा फार कमी होते.

नैसर्गिक मॉलिब्डेनम वापरून पैसे वाचवावेत का? त्यात मॉलिब्डेनम-१०० दहा टक्क्यांच्या आतच असतं, त्यामुळे उत्पादन दहा पटीने पडतं, आणि बाकीच्या समस्थानिकांतून नायोबियमचा गोतावळा तयार होतो. त्यातला नायोबियम-९५ पस्तीस दिवसांचा. प्रात्यक्षिकाला ठीक, इंजेक्शनला नाही. शुद्ध मॉलिब्डेनम-१०० महाग, पण एका फेरीत त्यातला नगण्य भागच बदलतो. टेक्नेशियम काढून झाल्यावर तो परत मिळवून पुन्हा चकत्या दाबायच्या. हा परतीचा प्रवास किती टक्क्यांनी पूर्ण होतो यावर सगळं अर्थकारण ठरतं. जाता जाता : मॉलिब्डेनम-१०० मधून प्रोटॉन उडाला तर नायोबियम-९९ होतो, पण तो काही सेकंद-मिनिटांत बीटा टाकून मॉलिब्डेनम-९९ होऊन बसतो. इथे चोरवाटेने गेलेलाही घरीच येतो. १४.२ एमईव्हीच्या वर दोन न्यूट्रॉन उडतात आणि मॉलिब्डेनम-९८ मिळतं, ते मात्र वाया.

आता प्रोटॉनच्या वाटेकडे. माझं मन खरं इथे रमतं.

झिंक-६८ वर गॅमा, प्रोटॉन बाहेर, कॉपर-६७ हाती. उंबरठा दहा एमईव्ही. पण प्रोटॉनला बाहेर पडताना विद्युत अडथळा पार करावा लागतो, त्यामुळे न्यूट्रॉन सहज निघतो तिथे प्रोटॉन क्वचित. क्रॉस-सेक्शन दहा मिलिबार्नच्या आसपास. तरी ही अभिक्रिया मला मॉलिब्डेनमपेक्षा जास्त आवडते. झिंक-६८ मधून न्यूट्रॉन उडाला, जे बहुतेक वेळा होतं, तर झिंक-६७ मिळतं, आणि ते स्थिर. मोठा गोंधळ करणारी अभिक्रिया इथे काहीच मागे ठेवत नाही. आणि छोटी अभिक्रिया जे ठेवते ते तांबं आहे, जस्त नाही.

जस्त ४२० अंशांना वितळतं, ९०७ ला उकळतं. निर्वातात त्याहून कितीतरी कमी तापमानाला वाफ होऊन उडून जातं. तांबं मागे राहतं. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत असंच करतात : टार्गेट तापवून जस्त उडवायचं, ते थंड भागावर जमा करून पुन्हा ओतायचं, आणि मुशीच्या तळाशी राहिलेलं तांबं आम्लात घेऊन आयन-एक्स्चेंजने शुद्ध करायचं. वेगळं करणं आणि टार्गेट परत मिळवणं, दोन्ही एकाच पायरीत. अशी सोय फार थोड्या धातूंत मिळते.

कॉपर-६७ चं अर्धायुष्य ६२ तास, मध्यम ऊर्जेचे बीटा, आणि १८५ केईव्हीचा गॅमा जो कॅमेऱ्यात दिसतो. जोडीला कॉपर-६४ आहे, पीईटी स्कॅनसाठी. एकाच रेणूवर आधी ६४ लावून गाठ कुठे आहे ते पाहायचं, मग ६७ लावून उपचार करायचा. डॉक्टरांना हे दशकानुदशकं हवं होतं. पण पूर्वी कॉपर-६७ मोठ्या प्रोटॉन त्वरकांवर, इतर कामांच्या फटीत, अधूनमधून निघायचा, आणि अधूनमधून मिळणाऱ्या औषधावर चाचण्या उभ्या राहत नाहीत. आयडाहो आणि आर्गॉनच्या इलेक्ट्रॉन लिनॅकांनी हे बदललं. फोटोन्यूक्लियर मार्गाचा एकच विजय सांगायचा झाला तर मी हा सांगेन.

पथ्यं आहेत. नैसर्गिक जस्त वापरलंत तर झिंक-६६ मधून झिंक-६५ होतो, २४४ दिवसांचा, आणि तुमचं टार्गेट वर्षभर हात लावायच्या लायकीचं राहत नाही. दुसरं पथ्य भौतिकशास्त्रवाल्यांना खरं वाटत नाही : सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे साधं, थंड (किरणोत्सारी नसलेलं) तांबं. एका क्युरीत कॉपर-६७ दीड मायक्रोग्रॅमहूनही कमी असतं. आम्लाच्या बाटलीत, काचेत, नळाच्या पितळी तोटीवरून आलेल्या पाण्यात जर मायक्रोग्रॅमभर तांबं असेल, तर औषधाच्या रेणूवरच्या जागा तेच अडवून बसतं. अतिशुद्ध आम्लं, प्लास्टिकची भांडी, आणि खोलीत तांब्याची तारसुद्धा उघडी नको.

टायटॅनियम-४८ मधून स्कँडियम-४७ ही अशीच गोष्ट. टायटॅनियम-४८ निसर्गातच ७४ टक्के असतं, स्कँडियम-४७ चा १५९ केईव्हीचा गॅमा टेक्नेशियमच्या इतका जवळ की जुने कॅमेरे चालतात. अडचण स्कँडियम-४६ ची, ८४ दिवसांचा. नैसर्गिक टायटॅनियममध्ये तो टायटॅनियम-४७ मधून येतो. शुद्ध टायटॅनियम-४८ घेतलं तरी बीम २२ एमईव्हीच्या वर नेला की तिथूनही प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही उडून तोच उगवतो. म्हणजे ऊर्जा खाली ठेवा, उत्पादन गमवा, शुद्धता कमवा. शिवाय टायटॅनियम विरघळवायला हायड्रोफ्लुओरिक किंवा उकळतं सल्फ्युरिक आम्ल लागतं, आणि हॉट सेलमध्ये (किरणोत्सारी माल हाताळायच्या जाड भिंतींच्या कोठडीत), मॅनिप्युलेटरच्या यांत्रिक बोटांनी, ते कोणालाच नको असतं.

न्यूट्रॉन उडवूनही मूलद्रव्याच्या कैदेतून सुटायची एक वाट आहे, आणि मॉलिब्डेनम तीच वापरतो : मुलगी, म्हणजे ऱ्हासातून तयार होणारं केंद्र, वेगळ्या घरची असली की झालं. याचं आजचं ठळक उदाहरण रेडियम-२२६. उंबरठा फक्त ६.४ एमईव्ही. न्यूट्रॉन उडाला की रेडियम-२२५, मूळ रेडियमपासून अविभाज्य. पण तो १५ दिवसांच्या अर्धायुष्याने अ‍ॅक्टिनियम-२२५ होतो, आणि अ‍ॅक्टिनियम रसायनाने सहज वेगळा निघतो. एकदा विकिरण केलेल्या टार्गेटमधून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढता येतो. अल्फा कणांनी होणाऱ्या कॅन्सर उपचारांसाठी अ‍ॅक्टिनियम-२२५ ची जगभर ओढाताण चालू आहे. थोरियमवर मोठ्या ऊर्जेचे प्रोटॉन मारून तो मिळतो, पण सोबत २२ वर्षांचा अ‍ॅक्टिनियम-२२७ येतो आणि हॉस्पिटलचं कचऱ्याचं गणित बिघडतं. गॅमाच्या मार्गात तो जवळजवळ नसतो. किंमत मोजावी लागते ती रेडियम हाताळण्यात : १६०० वर्षांचा अर्धायुष्यकाळ, आणि सतत झिरपणारा रेडॉन वायू. कच्चा माल म्हणजे बऱ्याच अंशी गेल्या शतकातल्या कॅन्सर उपचारांच्या जुन्या रेडियम सुया. देशोदेशी कचरा म्हणून पडलेल्या. त्या गोळा करून पुन्हा वापरात आणण्यासाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये उपक्रमच सुरू केला.

काही धातूंच्या नादी लागू नये. लुटेशियम-१७७ हॅफ्नियम-१७८ मधून प्रोटॉन उडवून करता येतो, शोधनिबंधही निघतात. पण लुटेशियम-१७६ मंद न्यूट्रॉन गिळताना दोन हजार बार्न दाखवतं, आणि तो माल आपल्या अणुभट्टीत उत्तम निघतो. तिथे मिलिबार्नांशी झगडण्यात अर्थ नाही. आणि हो, पाऱ्यापासून सोनं : मर्क्युरी-१९८ मधून न्यूट्रॉन उडवला की मर्क्युरी-१९७ होतो आणि तो काही दिवसांत खऱ्या, स्थिर सोन्यात बदलतो. किमया शब्दशः जमते. वरच्याच दहा किलोवॅटच्या मशीनचा हिशोब लावला तर वर्षभर अखंड चालवून मिळणारं सोनं मिलिग्रॅमांत मोजावं लागेल, आणि तेवढ्यात वीज लाखो युनिट जाईल. दर वर्षी कोणीतरी हे विचारतोच, म्हणून लिहिलं.

यंत्रखोलीतल्या गोष्टी पुस्तकांत कमी असतात. दहा किलोवॅट म्हणजे पाच-सहा गिझर, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. म्हणून कन्व्हर्टर पातळ चकत्यांचा करतात, मधल्या फटींतून पाणी किंवा दाबाखालचा हीलियम सोडतात. पाणी स्वस्त, पण त्यातल्या ऑक्सिजनमधून दोन मिनिटांचा ऑक्सिजन-१५ होतो आणि पाण्याची नळीच गॅमा सोडू लागते. हवेतल्या नायट्रोजनमधून दहा मिनिटांचा नायट्रोजन-१३, वर ओझोन. बीम बंद झाल्याझाल्या दार उघडू नये ते यासाठी. टार्गेटची कुपी स्टेनलेस स्टीलची केली तर निकेल-५८ मधून ३६ तासांचा निकेल-५७ आणि त्यातून २७२ दिवसांचा कोबाल्ट-५७ मिळतो, फुकट. अ‍ॅल्युमिनियम बरं, त्याचा मुख्य उपद्रव सेकंदांत संपतो. आणि टंगस्टनचा कन्व्हर्टर स्वतःच महिनोन्‌महिने किरणोत्सारी राहतो, तो बदलायची सोय पहिल्या आराखड्यातच ठेवावी लागते.

तर विद्यार्थ्याने सुरुवात कुठे करावी? ६ ते ८ एमईव्हीच्या मशीनवर. पुणे विद्यापीठाच्या ६ एमईव्ही मायक्रोट्रॉनवर (लहान इलेक्ट्रॉन त्वरकावर) वर्षानुवर्षं प्रयोग झाले आहेत, मंगळूर विद्यापीठाचा ८ एमईव्हीचा आहे. तिथे इंडियमची चकती ठेवा. इंडियम-११५ गॅमाने फक्त उत्तेजित होतं, काही उडत नाही, आणि साडेचार तासांच्या अर्धायुष्याने ३३६ केईव्हीचा गॅमा देत खाली येतं. जर्मेनियम डिटेक्टरवर स्वच्छ रेषा मिळते. तिच्यावरून गॅमांचा प्रवाह काढायला शिका, अर्धायुष्य स्वतः मोजा, डिटेक्टरची कार्यक्षमता स्वतः काढा. मग १० एमईव्हीवर सोन्याचा पातळ पत्रा : गोल्ड-१९६, सहा दिवसांचा, ३५६ केईव्ही. हाच पत्रा पुढे आयुष्यभर मॉनिटर म्हणून टार्गेटच्या पुढे-मागे लावायचा असतो. तिसरा मॉलिब्डेनम, नैसर्गिक, आणि तिथे १४० केईव्हीची रेषा बघून थांबू नका. तो तुकडा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवा, कॉस्टिक घाला, कीटोनने टेक्नेशियम वेगळं काढा, आणि वरच्या थरात ७४० केईव्हीची रेषा किती उरली ते मोजा. मार्गदर्शक भौतिकशास्त्राचे असतील तर या पायरीला कुरकुर करतील. शेजारच्या रसायनशास्त्र विभागातलं एक फ्यूम हूड आणि एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांत बसणारी परवानगी, दोन्ही आधी मिळवा. अर्ज बीमटाइमच्या अर्जाआधी टाका, कारण त्यालाच जास्त वेळ लागतो.